बाहेरच्या हवेचं निमित्त

"अहो, मुंबईची हवाच दिवसाला दोन-चार सिगारेटींच्या बरोबरीची! मग माझ्या एका सिगारेटीने असं काय मोठं होणार?" ऑफिसच्या जिन्यात, सोसायटीच्या गॅलरीत हे हल्ली सर्रास ऐकू येतं.

हा हिशेब अमेरिकेतल्या 'बर्कली अर्थ'चा. हवेत घनमीटरमागे 22 मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण म्हणजे दिवसाला एक सिगारेट, अशी ढोबळ तुलना त्यांनी 2015मध्ये मांडली. हवा किती घातक आहे हे लोकांना उमगावं, म्हणून. तीच तुलना सिगारेट ओढायचा परवाना म्हणून वापरणं हा निव्वळ कांगावा आहे. शिवाय बाहेरचं विष आहे म्हणून घरातलं वजा होत नाही. दोन्हींची बेरीज होते, आणि ती एकाच फुफ्फुसात होते.

तुलनाच करायची तर नीट करू. इटलीतल्या संशोधकांनी एका बंद गॅरेजमध्ये आधी डिझेलची मोटार अर्धा तास चालू ठेवली. हवा स्वच्छ झाल्यावर तिथेच तीन सिगारेटी अर्ध्या तासात एकामागून एक जळू दिल्या. सिगारेटींनी सोडलेले सूक्ष्म कण मोटारीच्या जवळजवळ दहापट भरले. हा प्रयोग 2004मध्ये प्रसिद्ध झाला. डिझेल कमी गंधकाचं होतं आणि इंजिन नवं होतं, हे खरं. आपल्याकडच्या जुन्या ट्रकला त्यातून सूट मिळत नाही. डासांची कॉइल तर याहून वाईट. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं 2003च्या एका अभ्यासात दिसलं. तेव्हा कॉइलही बंद करा, मच्छरदाणी लावा.

मुद्दा फक्त कणांच्या वजनाचाही नाही. शेजारी बसणाऱ्याच्या छातीत जाणारा धूर ओढणाऱ्याच्या मानाने अगदी थोडा असतो. तरीही त्याचा हृदयविकाराचा धोका 25 ते 30 टक्क्यांनी वाढतो, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलचा 2006चा अहवाल सांगतो. रक्तात गुठळ्या व्हायला आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो. म्हणूनच "खिडकी उघडी आहे की" या उत्तराला अर्थ नाही. या धुराची निर्धोक पातळीच नाही, हे त्याच अहवालात स्पष्ट लिहिलंय.

आणि हा धूर जातो कुणाच्या छातीत? जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी 1981मध्ये दाखवून दिलं की स्वतः कधीही न ओढणाऱ्या, पण नवरे भरपूर ओढणाऱ्या बायकांना फुफ्फुसाचा कर्करोग जास्त होतो. जगभरात 2004 या एका वर्षात परक्या धुराने 6,03,000 माणसं दगावली, असा अंदाज आहे. त्यांत 28 टक्के मुलं होती. त्या मुलांना उठून दुसऱ्या खोलीत जायचंही स्वातंत्र्य नव्हतं. आपल्याकडे 2016-17च्या सरकारी पाहणीत 38.7 टक्के प्रौढांनी घरातच हा धूर सोसावा लागतो असं सांगितलं.

मुंबईचे मुरली देवरा कोर्टात गेले, म्हणून 2001मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. 2003चा कायदा आला, 2 ऑक्टोबर 2008पासून नियम कडक झाले. घराच्या उंबऱ्याआत मात्र हा कायदा येत नाही. तिथे ओढणाऱ्याला बाहेर काढायचं काम घरच्यांनाच करावं लागतं. त्यांनी ते भीड न ठेवता करावं. "पाहुणे आहेत, कसं सांगायचं" हा संकोच पोराच्या दम्यापेक्षा मोठा नाही.

सरकारकडे मागणी एकच. तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना आणि तीस किंवा जास्त खुर्च्यांच्या उपाहारगृहांना वेगळी धूम्रपान-खोली ठेवायची मुभा कायद्यातच आहे. दार उघडलं की त्या खोलीतला धूर बाहेर येतो, आणि तिथली राखदाणी रिकामी करायला कुणातरी कामगाराला आत जावंच लागतं. त्या खोल्या बंद करा.