आवक भरपूर, जावक निरंक

सबनीसकाका दुकानात शिरले की आधी वास घेतात. कोऱ्या कागदाचा, खोडरबराचा, नुकत्याच फोडलेल्या खोक्याचा. डोळे मिटून, नाक किंचित वर करून, गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसे दोन मिनिटं स्तब्ध. काउंटरवरच्या मुलीला पहिल्या वेळी वाटलं, अंकलना चक्कर आली. तिनं घाईघाईनं स्टूल पुढे केलं होतं. आता तिला सवय झाली आहे. काका आले की ती पेनं तपासायचा पॅड काढते आणि गिरगोट्यांची पानं उलटून त्यांच्यासाठी कोरं पान वर आणते.

दुकान आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिथे मांजराच्या पंज्याच्या आकाराच्या चिकटचिठ्ठ्या मिळतात, समोशाच्या आकाराचे खोडरबर मिळतात, पांडाच्या तोंडाचा स्टेपलर मिळतो आणि टोपणावर अ‍ॅव्होकाडो डुलणारं पेन मिळतं. गिऱ्हाइकं सगळी सातवी-आठवीतल्या मुली. माझी मुक्ता त्यांतलीच. तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाचं प्रेझेंट घ्यायला आम्ही गेलो, तर आत सबनीसकाका. वय अडुसष्ट, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, आणि दोन बोटांत धरलेली गुलाबी पेन्सिल, जिच्या टोकाला ससा होता.

मला वाटलं, काका ओशाळतील. ते म्हणाले, “अरे मंदार, बरं झालं आलास. हा ससा काढता येतो का बघ. माझी नखं बोथट आहेत.”

नवं पेन हातात आलं की कुणी स्वतःची सही करून बघतो, कुणी स्प्रिंग काढतो, आपल्याकडची बरीच मंडळी ‘श्री’ काढतात. काका लिहितात, ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की’. एवढं एका दमात उतरलं तर पेन पास. ‘सविनय’पाशी शाई तुटली तर नापास. त्या पॅडवर मुलींनी काढलेली बदामं आणि इंद्रधनुष्यं, आणि त्यांच्या मधोमध ठाम शासकीय वळणात ‘सादर करण्यात येते की’. काय सादर करण्यात येतं, ते आजवर कुठल्याच पेननं सांगितलेलं नाही.

एकतीस वर्षं काकांनी एका सरकारी खात्यात काढली. तिथे रिफिल हवं असलं तरी मागणीपत्र द्यावं लागे, तेही दोन प्रतींत, आणि संपलेलं रिफिल जमा केल्याशिवाय भांडारपाल नवं देत नसे. ते खरंच संपलंय का हे तो उजेडात धरून बघायचा. बदामी कागद, टोकांना पत्र्याच्या पट्ट्या असलेली हिरवी लेस, गंजलेल्या टाचण्या, बूच चिकटून बसलेली डिंकाची बाटली. काकांच्या तारुण्यातली स्टेशनरी ती एवढीच. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार अजिबात नसते. पण माझा अंदाज आहे की निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बळवंत चौकात उभा होता. (पुण्यात वह्या-पुस्तकं म्हणजे हाच चौक. सरदार अप्पा बळवंत मेहेंदळ्यांच्या नावावर आज बालभारतीची पुस्तकं आणि प्रॅक्टिकलची जर्नलं खपतात. पेशवाईचा एवढा उपयोग फारच थोड्यांना झाला असेल.)

शाईचं प्रकरण जरा हळवं आहे. सरकारी शिरस्त्यात हिरवी शाई राजपत्रित अधिकाऱ्याची, आणि काका निवृत्त झाले ते त्याच्या बरोबर एक पायरी खालून. आज त्यांच्याकडे हिरव्या शाईच्या नऊ बाटल्या आहेत. एक कैरीसारखी, एक शेवाळी, एक पावसाळ्यातल्या ताम्हिणी घाटासारखी. उजेडात धरून ते तिन्हींतला फरक समजावतात. पण हिरव्या शाईनं त्यांनी सही केलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं तर म्हणाले, “नियमात बसत नाही.”

हे सगळं राहतं बेडरूममधल्या लोखंडी कपाटात. काकूंच्या पैठण्या तिथून केव्हाच दिवाणात गेल्या. दार उघडलं की आतून एक गोडसर वास येतो, कारण तिसऱ्या कप्प्यात स्ट्रॉबेरी, अननस आणि कोला अशा तीन वासांचे खोडरबर आहेत. वह्या जाडीनुसार लावलेल्या, पेनं देशानुसार, चिकटपट्ट्या रंगानुसार. आणि कपाटाच्या दाराला आतून टांगलेलं रजिस्टर. डावीकडे ‘आवक’, उजवीकडे ‘जावक’. आवकेत चारशे बारा नोंदी, तारीख, किंमत आणि शेऱ्यासह. ‘पांडा स्टेपलर, नग १, मुद्रा प्रसन्न.’ जावकेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सरकारी भाषेतला तो एकच शब्द: निरंक.

कारण काका यातलं काहीही वापरत नाहीत.

“पहिल्या पानावर काय लिहायचं, सांग,” ते मला विचारतात. हातात असते जपानी वही, पान इतकं गुळगुळीत की त्यावरून बोट फिरवायचं तर हात धुऊन यावेत. “या पानावर किराणा लिहू?” मी म्हणतो, लिहा की. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू मी तुळशीवृंदावनावर ओला पंचा वाळत घालायला सांगितलं आहे. किराणा ते लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहितात. दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या फाटलेल्या पानावर. फोन नंबर औषधाच्या पावतीवर. आणि हे सगळं कशानं, तर एका सहकारी बँकेनं फुकट दिलेल्या बॉलपेननं, ज्याचं टोपण चावून चपटं झालेलं आहे.

खंडेनवमीला मात्र कपाट बाहेर येतं. इतरांच्या घरी पकड, पाना, विळी, फार तर स्कूटर. काकांकडे पाटावर लाल वस्त्र घालून शंभरेक पेनं, पंचिंग मशीन, सहा कात्र्या आणि अगदी मधे पांडा. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. पांडाच्या कपाळावरचं कुंकू काही केल्या गेलं नाही. आता तो वर्षभर एखाद्या शाक्त साधूसारखा दिसतो. रजिस्टरमधला शेरा काकांनी बदलला: ‘मुद्रा उग्र.’

माहिती मात्र त्यांच्याकडे कपाटाइतकीच ठासून भरलेली. दुकानातल्या मुलीला एकदा ते फुलाफुलांच्या वाशी टेपची कुळकथा सांगत होते. ती टेप बनवणारी जपानमधल्या कुराशिकीची कंपनी १९२३ साली मुळात माश्या पकडायचा चिकट कागद करायची. मग रंगाऱ्यांसाठी मास्किंग टेप करू लागली. २००६ मध्ये काही हौशी बायका कारखाना बघायला येऊ का म्हणून विचारू लागल्या, कारण त्या ती टेप वह्या सजवायला वापरत होत्या. तिथून हे रंगीत प्रकरण निघालं. “म्हणजे बघ,” काका म्हणाले, “माशीपासून सुरुवात करून माणूस कुठे जाईल सांगता येत नाही.” मुलगी म्हणाली, “अंकल, बॅग हवी का?”

आपल्या दांडेकरांचा विषय निघाला की आवाज आणखी चढतो. १९३१ साली मुंबईत शाईच्या पुडीपासून सुरू झालेलं कॅम्लिन, कंपासपेटीवरचा तो उंट, आणि मग २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीकडे गेलेला मोठा वाटा. मी एकदा हळहळ व्यक्त केली. काकांनी मला थांबवलं. कोकुयोचा मूळपुरुष १९०५ मध्ये ओसाकात हिशेबाच्या चोपड्यांना पुठ्ठे घालायचा, म्हणाले. “पुठ्ठेवाल्याच्याच घरी गेला ना उंट? मग सुस्थळी पडला.”

फक्त हॅलो किटीवर त्यांचा राग आहे. १९७४ साली जन्मली, यावर आक्षेप नाही. ती मांजर नसून एक छोटी मुलगी आहे असं तिच्या कंपनीनं मागे सांगितलं, तेही त्यांनी सोडून दिलं. पण कंपनीच्या माहितीप्रमाणे तिची उंची पाच सफरचंदं आणि वजन तीन सफरचंदं. “पाच सफरचंदांची उंची आणि तीनच सफरचंदांचं वजन? मग आत काय, भुसा?” असा लेखाआक्षेप काकांनी तिच्या पाकिटावर पेन्सिलनं नोंदवून ठेवला आहे. पाकीट अर्थातच विकत घेतलेलं. आवक क्रमांक २८७.

आता इतिवृत्ताची हकिकत.

काका आमच्या सोसायटीचे सचिव. वार्षिक सभेचं इतिवृत्त लिहायचं काम त्यांच्याकडे. आयुष्यात एकदाच त्यांनी कपाटातली वस्तू वापरायची ठरवली, आणि ती होती खोडता येणाऱ्या शाईची जपानी पेनं, एक नारिंगी, एक निळं. या पेनच्या टोकाला रबराची बोंडी असते. घासलं की उष्णता निर्माण होते आणि साठ अंश सेल्सिअसच्या आसपास शाई रंग सोडते. पुसली जात नाही, नुसती दिसेनाशी होते. पाकिटावर कसलीशी सूचना होती, पण ती जपानीत, आणि काकांनी ती अक्षरं फक्त सुंदर म्हणून पाहिली. तर नारिंगीनं कच्चा मजकूर, तो घासून त्याच ओळीवर निळ्यानं पक्का. कागद वाया घालवायचा नाही, ही एकतीस वर्षांची सवय.

सभेच्या आदल्या दिवशी काकूंच्या हातून इतिवृत्ताच्या रजिस्टरवर चहा सांडला. पानं ओली, कडा चुरगळलेल्या. काकांनी पानांवर सुती रुमाल टाकून इस्त्री फिरवली. मी नेमका देखभालीचा चेक द्यायला गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. काकांनी रुमाल उचलला. पान कडक, कोरडं, सपाट. आणि कोरं. सभासद बर्व्यांच्या सूचना गेल्या, लिफ्टचा ठराव गेला, टाकी धुण्याचा खर्च गेला. चहाचा डाग तेवढा राहिला. काका पलंगावर बसले आणि हळूच म्हणाले, “दप्तर गहाळ.”

उपाय मुक्तानं काढला. ही शाई उणे दहाच्याही खाली गार केली की परत दिसते, फ्रीजरमध्ये ठेवा. काकूंनी मटारच्या पिशव्या आणि खोवलेल्या नारळाचा डबा बाजूला केला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं सोसायटीचं इतिवृत्त रात्रभर बर्फाच्या ट्रेवर झोपलं.

सकाळी मजकूर परत आला. जरा फिकट, पण सगळा. ‘सगळा’ या शब्दाकडे तेव्हा आमचं लक्ष गेलं नाही. निळा आला, त्याच्याबरोबर नारिंगीही आला. दोन्ही ओळी एकमेकींच्या खांद्यावर बसलेल्या.

संध्याकाळी सभा. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. काका वाचू लागले, पण त्यांना चष्म्यातून दोन रंग वेगळे करताना वेळ लागत होता, म्हणून शेजारी बसलेल्या बर्व्यांनी मदतीला मान पुढे केली. निळ्यात होतं, ‘श्री. बर्वे यांनी पाणीपुरवठ्याबाबत बहुमोल सूचना केल्या.’ नारिंगीत होतं, ‘श्री. बर्वे यांनी पंचवीस मिनिटे स्वतःच्या गुडघ्याविषयी माहिती दिली.’ पुढे निळ्यात, ‘खजिनदारांनी हिशेब समाधानकारकरीत्या सादर केला.’ नारिंगीत, ‘खजिनदार घामाघूम.’ अध्यक्षांबद्दल निळ्यात तीन ओळी होत्या. नारिंगीत एकच शब्द: ‘निद्रिस्त.’

मग इतिवृत्त कायम करायचं ते कुठलं, यावर चर्चा झाली. एक गट म्हणाला निळं. तरुण मंडळी म्हणाली, नारिंगी वस्तुस्थितीला जास्त धरून आहे. अध्यक्ष जागे होते, त्यामुळे निर्णय लांबला. शेवटी निळं कायम झालं, आणि बर्व्यांच्या सूचनेवरून ठराव असा झाला की यापुढे सचिवांनी सोसायटीच्या खर्चानं साधं, लाल कापडी बांधणीचं दोनशे पानी रजिस्टर आणावं आणि बॉलपेननंच लिहावं. सूचना करून बर्वे गुडघ्यावर हात टेकत उठले.

काकांनी दुसऱ्याच दिवशी रजिस्टर आणलं. पावती खजिनदारांकडे जमा केली. दोन महिन्यांनी लिफ्टसाठी विशेष सभा लागली, तेव्हा मी नवं रजिस्टर बघायला मागितलं. काकांनी कपाट उघडलं. वह्यांच्या कप्प्यात, जपानी वहीला खेटून, लाल कापडाची पाठ दिसत होती, वर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. आवक क्रमांक ४१३.

“बांधणी बघ रे,” काका म्हणाले. “दोऱ्याची शिलाई आहे. हल्ली कोण करतं? पहिल्या पानावर एकदम लिफ्ट लिहायची म्हणजे…”

इतिवृत्त त्यांनी वाचून दाखवलं, बॉलपेननं लिहिलेलं, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. बर्व्यांच्या मुलीची लग्नपत्रिका कार्डशीटची होती, पण उजेडात धरली की ठराव क्रमांक दोनच्या मागून ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ दिसत होतं.