बॅनर नको, बिदागी बोला

रायपूरच्या शंकर नगरात कार्यक्रमाचा खर्च कुणी केला, हे विचारावं लागत नाही. बॅनरवर दिसतं. पैसे देणाऱ्याचं नाव हातभर, कलाकाराचं बोटभर आणि फरा-चीला रांधणाऱ्या बायकांचं कुठेच नाही. खाली एक ओळ असते, स्थानिक कलेला आमचा पाठिंबा. रात्री अकराला तेच कलाकार पेटी-तबला बांधून मागच्या दाराशी ताटाची वाट बघत उभे असतात, आणि पैशांचं विचारलं की ‘सोमवारी या’.

आता क्राफ्ट बिअरवाले अन्न आणि कलेचा हात धरू पाहताहेत. थोडी थोडी बिअर जागेवरच बनवायची, तिथेच नळाला लावायची आणि भोवती माणसं जमवायची, असा हा धंदा. महाराष्ट्रात त्याची सुरुवात पुण्यात झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी 2009 मध्ये तिथे ‘डूलाली’ ही ब्रुअरी काढली, बिअर ऑलिव्हर शाउफ यांच्या हातची. पुढे मुंबईत अंधेरी, खार अशा ठिकाणी त्यांच्या टॅपरूम निघाल्या आणि पेल्याशेजारी बोर्ड गेम आले, कार्यशाळा आल्या. ही कल्पना मला मनापासून आवडते. माणूस नुसता पिऊन न जाता काही ऐकून, शिकून घरी जातो. म्हणूनच रायपुरात ती स्वस्तात उरकली जाऊ नये.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमावलीनुसार दारूची जाहिरात पडद्यावर चालत नाही. मोठ्या कंपन्या त्याच नावाचा सोडा, पाणी, संगीत पुढे करून वाट काढतात. लहान ब्रुअरीला ते परवडत नाही. तिच्यासाठी पंडवानीचा, म्हणजे गाऊन सांगितलेल्या महाभारताचा, मंच ही नाव लावायची सगळ्यात मोलाची जागा. म्हणजे तिथे नाव लावणं हे उपकार नव्हेत, ती खरेदी आहे. खरेदी केली की दाम मोजायचा, आणि तो कलाकाराच्या हातात पडला पाहिजे.

आणि स्थानिक म्हणायचं तर पेल्यापासून सुरुवात करा. बार्लीचं माल्ट, हॉप्स बाहेरून येणार, ते ठीक. पण आपण भाताच्या कोठारात राहतो. रायपूरभोवती राइस मिल आहेत आणि तिथे निघणाऱ्या कणीला, इथल्या भाषेत कनकीला, बिअरमध्ये जगभर जागा आहे. कणी आधी शिजवून मऊ करायची, मग माल्टबरोबर गरम पाण्यात ठेवायची. माल्टमधली एन्झाइम्स भातातल्या पिष्टाची साखर करतात आणि ती साखर यीस्ट खातं. बिअर हलकी, कोरडी उतरते. आपल्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताचे 23 हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत. त्या संग्रहामागे भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांची आयुष्यभराची मेहनत आहे. नगरी दुबराज, जीराफूल यांना तर भौगोलिक मानांकनही मिळालंय. हे सगळं हाताशी असताना पेल्यात आंब्याचा बाटलीबंद अर्क ओतून ‘लोकल फ्लेवर’ म्हणायचं? शोभत नाही.

ताटाचंही तेच. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात 2016 पासून ‘गढ कलेवा’ चालू आहे. बचतगटाच्या बायका चालवतात. चीला, फरा, चौसेला, खुरमी. ठेठरी तर आपल्या कडबोळ्याची सख्खी चुलतबहीण, बिअरबरोबर खायला याहून कुरकुरीत काय हवं! पण नाचोजच्या भावात ठेठरी विकायची आणि करणारीला किलोमागे घासाघीस करायची, असं असेल तर तो पदार्थ मेन्यूवर नसलेला बरा. बीटीआय मैदानावर खाद्यमेळा भरवणार असाल तर बचतगटांकडून गाळ्याचं भाडं घेऊ नका. पाठिंबा म्हणतात तो हा.

आता कला. पेला आणि नाटक एका छपराखाली नांदू शकतात. लंडनला इस्लिंग्टनमध्ये किंग्ज हेड नावाच्या पबच्या मागच्या खोलीत 1970 मध्ये नाट्यगृह सुरू झालं. पुढे बार, मागे नाटक, मध्ये दार. त्या दाराला फार महत्त्व आहे. आपल्याकडे दार नसतं. कलाकार गातोय, समोर ग्लास आपटताहेत, मोठ्या पडद्यावर क्रिकेट चालू. नाचा हा इथल्या लोकनाट्याचा रात्रभर रंगणारा खेळ, जोक्कड म्हणजे विदूषक आणि स्त्रीवेशातली परी प्रेक्षकाला हाताला धरून पहाटेपर्यंत नेतात. त्याची वीस मिनिटांची ‘फोक’ चकती कापून डीजेच्या दोन फेऱ्यांमध्ये ठेवणं हा अपमान आहे. याच नाचातले कलावंत घेऊन रायपूरच्या हबीब तनवीरांनी ‘चरणदास चोर’ उभं केलं आणि 1982 मध्ये एडिनबरोला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळवला. याच मातीतल्या पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंना 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालं. ही पार्श्वसंगीताची माणसं नव्हेत.

एक बाजू मात्र कुठल्याही बिअरवाल्याने विसरू नये. छत्तीसगडात 2017 पासून दारूची दुकानं सरकारी महामंडळ चालवतं. 2018 च्या निवडणुकीत काँग्रेसने दारूबंदीचं वचन दिलं, सत्ता आली, पाच वर्षं सरली, बंदी आली नाही. ते वचन मागणाऱ्या बाया खेड्यापाड्यातल्या होत्या, दारूने घर बसलेलं पाहिलेल्या. ‘आमची बिअर हलकी, आमचं गिऱ्हाईक सुशिक्षित’ हे उत्तर त्यांना पुरत नाही. म्हणून बालनाट्य, शाळेचं स्नेहसंमेलन, गणेशोत्सव यांच्यापासून ब्रुअरीचा पैसा लांब असावा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळालाही माझी हीच विनंती, कितीही मोठा धनादेश पुढे आला तरी.

बाकी कार्यक्रम खुशाल करा. चांगले करा. प्रयोग चालू असताना नळ बंद ठेवा. कलाकाराचं ताट खेळाच्या आधी वाढा, बिदागी मेकअप उतरायच्या आत हातात ठेवा. आणि दारावर बिअरच्या दरपत्रकाशेजारी दुसरा कागद चिकटवा: आज कुणाचा खेळ, मंडळी किती, त्यांना किती रुपये दिले. तो आकडा वाचून आम्ही आत यायचं की नाही ते ठरवू.