गच्चीच्या किल्लीदारांस

चेअरमनसाहेब,


लिफ्टच्या दारावर तुम्ही चिकटवलेली नवी नोटीस वाचली. 'गच्ची फक्त सकाळी ६ ते ७ या वेळेत खुली राहील. सभासदांनी कोवळ्या उन्हाचा लाभ घ्यावा.' खाली तुमची लफ्फेदार सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. साहेब, पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत सूर्य उगवतोच सातनंतर. थंडीने म्हातारी माणसं गारठलेली असतात त्या दिवसांत तुमच्या नोटिशीतलं ऊन वर यायच्या आत वॉचमन गच्चीला कुलूप घालून खाली आलेला असतो. सही करण्यापूर्वी एकदा पंचांग उघडलं असतंत, तर असला लाभ आमच्या पदरात घालायचं धाडस तुम्हाला झालं नसतं.

बाकीच्या महिन्यांतही त्या एका तासाचा हाडांना काही उपयोग नाही. कोवळं ऊन सुखाचं असतं, त्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं, रात्रीची झोप सुधारते. हे सगळं खरं. पण ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले अतिनील ब किरण कातडीपर्यंत पोचावे लागतात. सूर्य क्षितिजालगत असला की त्याचे किरण तिरके येतात, त्यांना वातावरणातून लांबचा प्रवास पडतो आणि हे किरण वाटेतच ओझोनमध्ये शोषले जातात. यंत्रबिंत्र न वापरता हे तपासायचं असेल तर आपली सावली बघावी. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर त्या उन्हातून ड जीवनसत्त्व नावापुरतंच मिळतं. ती आखूड झाली की शरीराचं काम सुरू होतं, आणि कातडी जपण्याची वेळही तेव्हाच सुरू होते. डिसेंबरात आपल्याकडे सावली उंचीपेक्षा आखूड असते ती दुपारी साडेबाराच्या आधी-नंतर जेमतेम तासभर. उलट मे महिन्यात सकाळी साडेनऊलाच ती आखूड झालेली असते, आणि महिन्याच्या मध्यावर भर दुपारी तर पायाखालीच नाहीशी होते. वर्षभर रोज बदलणाऱ्या या गोष्टीला तुम्ही एकच वेळ ठरवून दिलीत, तीही चुकीची.

तुम्ही म्हणाल, बाल्कनीत बसा. कमिटीच्या बैठकीत तुम्ही म्हणालातही तसं. आपल्या इमारतीचा पुनर्विकास झाला, तीन मजल्यांचे अकरा झाले, शेजारच्या दोन्ही सोसायट्यांनीही तेच केलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि आपल्या दक्षिणेला नवा टॉवर उभा आहे. सातव्या मजल्याच्या खाली ज्यांची घरं आहेत त्यांच्या बाल्कनीत दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ऊन पाऊल ठेवत नाही. वरच्यांकडे येतं, पण बहुतेकांनी बाल्कन्या काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केल्यात. साध्या खिडकीची काच अतिनील ब किरण जवळजवळ सगळेच अडवते आणि अतिनील अ किरणांना बऱ्यापैकी वाट देते. त्या अ किरणांनी पडदे विटतात, कातडी काळवंडते, सुरकुत्या लवकर पडतात. काचेआड तासभर बसलेल्या माणसाला उन्हाचा तोटा तेवढा होतो आणि फायद्यातलं हाडांना काहीच मिळत नाही. म्हणून गच्ची हवी. आपल्या इमारतीत उघडं ऊन मिळण्याची तेवढी एकच जागा उरली आहे.

आता बी विंगमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींबद्दल बोलते. त्या सोफ्यावरून कशा उठतात ते तुम्ही कधी पाहिलंत का? दोन्ही तळवे मांड्यांवर रोवतात, कंबर पुढे झुकवतात, मग एक हात टेबलाच्या कडेवर. उठून उभ्या राहिल्या की क्षणभर तशाच थांबतात, कारण पाय आपल्याला धरतील याचा त्यांना भरवसा नसतो. जिना चढताना त्या कठडा ओढत ओढत वर येतात. कमरेत, बरगड्यांत, नडग्यांत ठणका असतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ड जीवनसत्त्व फार कमी आहे, हाडं मऊ पडली आहेत. हा आजार उपचाराने बरा होणारा आहे. त्यांना आठवड्याला एक साठ हजार युनिटची पुडी दुधातून घ्यायला दिली, सोबत कॅल्शियम, आणि सांगितलं की रोज थोडा वेळ उन्हात बसत जा. औषध दुकानात मिळालं. ऊन मिळवायला त्या गच्चीच्या दारापर्यंत गेल्या, तर तिथे तुमचं पितळी कुलूप.

आणि त्या दाराच्या जाळीतून काय दिसतं हेही लिहायलाच हवं. पाण्याच्या टाकीशेजारी तुमच्या कुंड्या ओळीने मांडल्या आहेत. गुलाब, मोगरा, शेवंती. गुलाबाला दिवसातून पाच-सहा तास ऊन लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यासाठी भर दुपारी तुमचा माळी किल्ली घेऊन वर जातो. जे तुमच्या गुलाबाला मिळतं ते आजींना का मिळू नये, याचं उत्तर मला सभेत, सर्वांसमोर हवं आहे. गच्ची सामाईक आहे. तिच्या गळतीच्या दुरुस्तीची वर्गणी तळमजल्यापासून अकराव्यापर्यंत सगळ्यांनी भरली आहे. शिवाय आग लागली तर वरच्या मजल्यांवरची माणसं जीव वाचवायला याच दाराकडे धावतील. त्या वेळी किल्ली शोधायला तुमच्या घरची बेल वाजवायची का?

माणसाला उन्हापासून तोडलं की काय होतं, हे आपल्याच मुलखात फार पूर्वी दिसून आलं आहे. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी नाशिक भागातल्या मुडदुसाचा अभ्यास 1922 साली प्रसिद्ध केला. पडदा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांतल्या बायका-मुलांत मुडदूस आढळत होता आणि निकृष्ट अन्न खाऊन उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुलं त्यातून सुटत होती. त्याच्या तीन वर्षं आधी, 1919 मध्ये, बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या बालरोगतज्ज्ञाने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण देऊन बरं केलं होतं. एकाच हातावर किरण दिले तरी दुसऱ्या हाताची हाडंही सुधारतात, हे त्याला दिसलं. म्हणजे कातडीत तयार झालेली ही गोष्ट रक्तावाटे सगळ्या अंगाला पोचते. शंभर वर्षांपूर्वीचं हे ज्ञान. तेव्हा वाड्यांच्या भिंती आणि पडदे ऊन अडवत होते, आज आपल्या सोसायटीत तुमची नोटीस अडवते आहे.

मुलांचंही तेच. चौथीतल्या मुलाला चष्मा लागला की आपण मोबाइलला शिव्या देतो. मोकळ्या उजेडात खेळण्याने लहान मुलांच्या डोळ्यांत लघुदृष्टी येण्याचं प्रमाण घटतं, हे तैवानने इतकं मनावर घेतलं की 2010 पासून तिथल्या शाळांत मुलांना दिवसाला दोन तास बाहेर काढण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यासाठी कडक ऊन लागत नाही, झाडाखालची सावलीही चालते. आपल्याकडे पार्किंगमध्ये चेंडू नेला की दंड, गच्चीवर गेलं की कुलूप.

तुमची भीती मला कळते. कोणी वर चक्कर येऊन पडलं तर जबाबदारी कोणाची, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ऊन हा खेळ नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवर बसणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं, आणि म्हाताऱ्यांना, हृदयविकार असणाऱ्यांना, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना तो लवकर गाठतो. काही अँटिबायोटिकांनी कातडी उन्हाला हळवी होते, ल्युपस हा आजार असणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उन्हात जाऊच नये. पण म्हणून कुलूप घालायचं नसतं, नीट वेळापत्रक लावायचं असतं. ते मी लिहून देते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी गच्ची अकरा ते दोन उघडी ठेवा. मार्च ते मे साडेआठ ते दहा, आणि दुपारी खुशाल बंद करा. पावसाळ्यात उघडीप पडेल तेव्हा. टाकीच्या बाजूला पत्र्याची शेड टाका, तिच्याखाली दोन बाकं आणि पिण्याचं पाणी. उन्हात बसताना चेहरा आणि डोकं टोपीने किंवा पदराने झाकावं, हात-पाय उघडे ठेवावे. किती मिनिटं, याचा सर्वांना लागू होईल असा आकडा नाही. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, वयाबरोबर कातडीची ही ताकद कमी होत जाते. थोडं थोडं, आठवड्यातून बरेचदा, आणि कातडी चुरचुरायच्या पुष्कळ आधी सावलीत यायचं. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून लालीची वाट बघत बसू नये. जास्त बसून जास्त मिळत नाही. एका मर्यादेनंतर कातडीत तयार झालेला कच्चा मालच उन्हाने मोडून निरुपयोगी होतो, पुढे होते ती नुसती इजा. सूर्याकडे टक लावून पाहण्याचा जो उपाय तुमच्या योगवर्गात सकाळी शिकवला जातो तो ताबडतोब बंद करा, त्याने डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो. तान्ह्या बाळाला कडक उन्हात नेऊ नये, आणि बाळ पिवळं दिसत असेल तर गच्चीवर न आणता डॉक्टरांकडे न्यावं.

आणखी एक. गच्ची बंद झाल्यापासून इमारतीत ड जीवनसत्त्वाच्या त्या पुड्यांचा खप वाढला आहे. बायका एकमेकींना नावं सांगून आणतात, आठवड्याची पुडी कोणी रोज घेतं. उन्हातून ड जीवनसत्त्व कितीही मिळालं तरी त्याचं विष होत नाही, कारण शरीर आपोआप हात आखडतं. पुडीला तो लगाम नाही. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडं बिघडतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका, अशी एक नोटीस तुम्ही लिफ्टमध्ये लावलीत तर तुमच्या सहीचा आणि शिक्क्याचा खरा उपयोग होईल.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर 'गच्चीची वेळ' हा विषय घ्यावा असं लेखी पत्र मी ऑफिसात दिलं आहे. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची सही आहे, त्यांच्या मुलाची आहे, आणि तुमच्या मजल्यावरच्या तीन घरांचीही आहे. सभेची वाट न पाहता एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला, सगळ्यांना दिसेल अशी आजच लावा. कुंड्या राहू द्या तिथेच. त्यांना पाणी आम्हीही घालू.

आपली,
सी विंगमधली एक सभासद