वासकाका

आमच्या चौबे कॉलोनीत कुणाची गाडी बिघडली, की मेकॅनिकच्या आधी वासकाका येतात. मेकॅनिकला फोन करावा लागतो, काकांना तोही नाही. बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना तीन गल्ल्यांपलीकडून ऐकू येतो; स्वयंपाकघरातून काकूंनी मारलेली हाक मात्र येत नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचे पत्ते दोनच: संध्याकाळी महाराष्ट्र मंडळ, आणि उरलेला वेळ दुसऱ्याची गाडी.

काकांचं निदान नाकानं चालतं. हात मागे बांधायचे, मान पुढे काढायची, दोनदा हुंगायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "पर्ज व्हॉल्व्ह." टायर पंक्चर झालेल्या स्कूटरपुढेही ते हेच म्हणाले होते. स्कूटरवाला तेव्हापासून लांबून जातो.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात माझ्या गाडीला खरोखरच पेट्रोलचा वास येऊ लागला आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तेव्हा काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. जन्मभर घोकलेला प्रश्न एकदाचा पेपरात आला होता.

"हे बघ," मला सावलीत ओढत ते म्हणाले, "टाकीतल्या पेट्रोलची उन्हात वाफ होते. त्यात आपलं रायपूर, 45 डिग्री! ती वाफ हवेत जाऊ नये म्हणून नळीतून एका डब्यात नेतात. त्याला म्हणतात कॅनिस्टर. आत कोळसा असतो, तो वाफ धरून ठेवतो. इंजिन चाललं, की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. काही वाया नाही! तुझी काकू उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करते, तसं. आता यात कुठंही भोक पडलं, की वास."

यातलं अक्षरही चूक नव्हतं. तिथं थांबले असते तर मीही त्यांना चहा पाजला असता. पण काकांची गाडी तिथून थेट 1956 सालावर गेली. "राजधानी नागपूरहून भोपाळला गेली न, तेव्हापासून गळती सुरू आहे. 2000 साली छत्तीसगड झालं, ढक्कन तेवढं नवं आलं. पाइप जुनेच!"

मेकॅनिक पोरगा आला. त्यानं बॉनेटकडे पाहिलंही नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढलं, रबरावरून अंगठा फिरवला आणि चिरलेली जागा मला दाखवली. "ढक्कन के रबर ह कट गे हे." झाकण बदललं. इतकं स्वस्त निदान काकांना अपमानास्पद वाटलं. ते न बोलता घरी गेले.

दोन दिवसांनी मी पेट्रोल भरलं आणि वास परत आला. काकाही परत आले.

आता धुराची परीक्षा, असं पोरगा म्हणाला. यंत्रानं नळ्यांमध्ये हलक्या दाबानं पांढरा धूर सोडायचा. जिथून बाहेर येईल, तिथं गळती. 'धूर' हा शब्द ऐकताच काका घरात धावले आणि पेटती उदबत्ती घेऊन आले. पेट्रोलच्या टाकीकडे! काकूंनी फाटकातच उदबत्ती पाण्याच्या बादलीत बुडवली आणि काकांना पायरीवर बसवलं. एवढं अचूक आणि वेळेवर काम त्या दिवशी दुसऱ्या कुणी केलं नाही.

धूर निघाला तो कॅनिस्टरजवळच्या चिरलेल्या नळीतून. पोरानं डबा सोडवून हातात घेतला, जरा हलवला, तिरका केला. आतून टपटप पेट्रोल गळलं. वाफेसाठी ठेवलेला कोळसा पेट्रोलात बुडाला होता.

"टंकी ला ऊपर तक भरवाथव का?" त्यानं विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. नळी 'टक्' करून बंद पडली, की पंपवाला थांबतो, आपण थांबायचं नाही. गाडी हलवायची, बुडबुडे निघू द्यायचे, अजून दीड लिटर बसतं, ही विद्या मला त्यांनीच दिली होती. काका माझ्या नंबरप्लेटवरचं 'सीजी 04' लक्षपूर्वक वाचत होते.

नळी नवी आली, कॅनिस्टर नवं आलं. बिलाचा आकडा मी घरीही सांगितलेला नाही. जुना डबा पोरगा टाकून देणार, इतक्यात काका उठले. "टाकून राहिला? अरे, कोळसाच आहे न आत! चार दिवस उन्हात ठेवला, की झाला नवा." आणि डबा छातीशी धरून ते गच्चीवर गेले.

गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत होत्या.

आठवड्यानं सकाळी काकू तरातरा बाहेर आल्या. हातात तळलेली कुरडई. ती त्यांनी काकांच्या नाकापुढे धरली. "घ्या, हुंगा!"

काकांनी हात मागे बांधले, मान पुढे काढली, दोनदा हुंगलं, डोळे मिटले.

"पर्ज व्हॉल्व्ह," ते म्हणाले.