जुन्या फोनचा जीर्णोद्धार : विधी व नियम

प्रथम फोन निवडावा. बॅटरी दुपारच्या चहापर्यंत टिकत नसावी आणि ‘स्टोरेज भरले आहे’ ही सूचना रोज येत असावी. असा फोन आपल्याकडे नसल्यास वडिलांचा घ्यावा. ते वामकुक्षीला गेल्यावर घ्यावा.

मग लाँचर. अँड्रॉइडमध्ये होम स्क्रीन हेही एक अ‍ॅपच असते, म्हणून त्याच्या जागी दुसरे बसवता येते, तेही फुकट. नोव्हा हे २०११ पासूनचे जुने पीठ. त्यात आयकॉनचा आकार, ओळी, रकाने, सगळे बदलता येते आणि हे बदलण्यात रविवार सत्कारणी लागतो. विरक्तांनी किस लाँचर घ्यावा. तिथे शोधपट्टीत अ‍ॅपचे नाव टाइप करावे लागते. ओलाँचर त्याहून कर्मठ. आयकॉन वर्ज्य, पडद्यावर मोजकी नावे, बस्स. ज्यांना रोषणाई हवी त्यांच्यासाठी थ्रीडी थीमवाले आहेतच. त्यात पडदा गरगर फिरतो आणि तो स्थिरावेपर्यंत आलेला कॉल तुटतो. मध्ये जाहिरातीही लागतात.

दोनदा टिचकी मारून पडदा बंद व्हावा, अशी हौस असल्यास लाँचर अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतो. ती मिळालेल्या अ‍ॅपला पडद्यावरचे जवळपास सगळे वाचता येते. परवानगी देणारे सहसा बँकेचा पिन हाताने झाकून टाकणारेच असतात.

वेग हवा? सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’ शोधून त्यावर सात वेळा बोट टेकवावे. तुम्ही आता डेव्हलपर झालात, असे फोन स्वतःच जाहीर करतो. अभियांत्रिकीची चार वर्षे वाचली. मग अ‍ॅनिमेशन अर्ध्यावर आणावे. प्रोसेसर तोच, पण पडदा झटपट पालटतो आणि बघणारा फसतो.

यानंतर वडील उठतात.

“व्हॉट्सअ‍ॅप कुठे गेलं रे?”

“नाव टाइप करा ना, बाबा.”

“टाइप कशाला? इथे होतं. खाली, उजवीकडे. हिरवं.”

अंगठा रिकाम्या जागेवर तीनदा आपटतो. चौथ्यांदा कॅमेरा उघडतो आणि त्यात त्यांना स्वतःची हनुवटी दिसते.

वाद घालू नये. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स, होम अ‍ॅप, या वाटेने मागे फिरावे. कंपनीचा मूळ लाँचर तिथेच बसून असतो. नव्यासाठी त्याने इंचभरही जागा सोडलेली नसते, म्हणजे भरलेल्या स्टोरेजमध्ये आपण एक भाडेकरू वाढवला एवढेच. त्या भाडेकरूला काढून टाकावे. वडिलांनी विचारल्यास ‘अपडेट आलं होतं’ असे सांगावे.