कुंडीधारकांसाठी माघ-फाल्गुन आचारसंहिता

ज्यांच्या घरी किमान एक जिवंत कुंडी आहे, किंवा गेल्या महिन्यापर्यंत होती, अशा सर्व नागरिकांना ही आचारसंहिता लागू आहे. गच्चीवर ड्रम लावणारे, गॅलरीच्या कठड्याला स्टँड ठोकणारे आणि सोसायटीच्या जिन्यात ‘तात्पुरता’ म्हणून मनीप्लांट ठेवून तो पहिल्या मजल्यावर पोहोचलेला पाहणारे, हे तिन्ही वर्ग तीत मोडतात. शेतकऱ्यांनी वाचण्याची गरज नाही. त्यांना हे सगळं ठाऊक असतं, आणि वाचलंच तर ते हसतील.

वर्षभर झाडाला ऊन, पाऊस, कीड आणि माकडं यांच्यापासून जपावं लागतं. थंडी सरताना मात्र त्याला मुख्यतः मालकाच्या मायेपासून जपावं लागतं. या दिवसांतली निम्मी कामं कापण्याची, पाणी तोडण्याची आणि गप्प बसण्याची आहेत. हौशी माणसाला नेमकी हीच तीन जमत नाहीत.

मुहूर्त

थंडी कधी संपली हे ठरवण्याचा अधिकार वेधशाळेला असला, तरी घरात तो आजीकडे असतो. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं ती सांगते. होळीत थंडी जळते असं सांगणारा दुसरा पक्ष आहे. दोन्ही पक्षांत पंधरवड्याचं अंतर आहे आणि कामं त्याआधीच उरकायची असतात. पुण्यात फेब्रुवारीतल्या दुपारी पारा तिशी ओलांडतो आणि पहाटे बारा-तेराच्या आसपास उतरतो. सकाळी स्वेटर घालून गच्चीवर गेलेला कुंडीधारक अकराला घामाघूम होऊन खाली आला, म्हणजे मुहूर्त लागला असं समजावं.

छाटणी

आवश्यक साहित्य: धारदार कात्री, ती पुसायला स्पिरिट आणि अर्ध्या तासापुरतं दगडी काळीज. स्वयंपाकघरातली कात्री वापरू नये. झाडाला तिचा त्रास होतोच, पण संध्याकाळी दुधाची पिशवी कापायची वेळ आली की माणसालाही होतो.

प्रारंभ मोगऱ्यापासून करावा. मार्चपासून गजऱ्याची अपेक्षा असेल तर जानेवारीच्या उत्तरार्धात त्याचं पाणी कमी करावं, जुनी पानं ओरबाडून काढावीत, फांद्या निम्म्याने छाटाव्यात, वरची माती उकरून शेणखत घालावं आणि मग पुन्हा पाणी सुरू करावं. फुलं नव्या फुटव्यावर येतात. फांदी जुनी ठेवली तर पानं मिळतील, आणि पानांचा गजरा अद्याप कोणी माळलेला नाही. हे काम घरातली माणसं बाहेर गेली असताना करावं. काड्या उरलेला मोगरा पाहून कुटुंबात जी चर्चा होते, तिला शास्त्रीय आधार नसतो पण आवाज मोठा असतो.

गुलाबाच्या बाबतीत उत्साह आवरावा. आपल्याकडे त्याची मुख्य छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात होते. थंड देशातले व्हिडिओ पाहून फेब्रुवारीत गुलाब बुंध्यापर्यंत उतरवणाऱ्यांनी तिथे तेव्हा बर्फ असतो, एवढं ध्यानात घ्यावं. इथे सुकलेली फुलं बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका काप देऊन काढली की पुरे. डोळा भरलेल्या जागेच्या खालून फूट आली असेल तर ती मात्र निर्दयपणे उपटावी. ती खालच्या जंगली गुलाबाची असते. ती जोमाने वाढते, मालक कौतुक करत राहतो, आणि दोन हंगामांनी ‘आमचा लाल गुलाब कुठे गेला’ असा प्रश्न पडतो.

शेवंतीचा बहर संपला की तिचा कडबा झालेला असतो. तो जमिनीपासून वीतभर ठेवून कापावा, पण कुंडी फेकू नये. बुडातून जे लहान फुटवे येतात त्यांना काश्या म्हणतात, आणि पुढच्या वर्षीची शेवंती त्यांतूनच होते. दरवर्षी कुंडी टाकून दरवर्षी नवी विकत घेणारे लोक रोपवाटिकांचे आधारस्तंभ आहेत. त्यांना नाउमेद करण्याचा येथे हेतू नाही.

कढीपत्ता थंडीत पिवळा पडतो, रुसतो. त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. पातळ ताक घालण्याची परंपरा घराघरांत आहे; ती पाळताना ताकाला आधी फोडणी देऊ नये. तुळशीच्या मंजिऱ्याही खुडायला हव्यात, कारण बी धरलं की तुळस पानं धरण्यात रस घेत नाही. रविवारी तोडायची नाही, द्वादशीला तोडायची नाही, दिवेलागणीनंतर तर हातच लावायचा नाही. हे सगळं सांभाळून उरलेल्या वेळेचं वेळापत्रक कुंडीधारकाने स्वतः आखावं.

पाणी

पाणी घालणं हे काम नसून व्यसन आहे. सकाळी चहाचा कप एका हातात आणि झारी दुसऱ्या हातात, ही त्याची लक्षणं. उपाय सोपा आहे: तर्जनी दोन पेरं मातीत खुपसावी. ओल लागली तर झारी खाली ठेवावी आणि चहा प्यावा.

ज्यांना उपाशी ठेवणं क्रूर वाटतं, त्यांनी नागपूरकडची संत्र्याची बाग पाहावी. तिथे बागायतदार मुद्दाम पाणी तोडतो आणि झाडाला ‘ताण’ देतो. वाढ थांबते, पानं गळतात, आणि मग खतपाणी मिळताच झाड फुलांनी लगडतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया बहार, जून-जुलैचा मृग बहार आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. गॅलरीतल्या लिंबाला रोज तांब्याभर पाणी मिळतं, म्हणून ते वर्षानुवर्षं हिरवंगार, समाधानी आणि निष्फळ राहतं.

आंब्याचंही तेच. दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून १९७१ मध्ये दिल्लीत तयार झालेला ठेंगणा ‘आम्रपाली’ आता अनेक गच्च्यांवरच्या ड्रममध्ये आहे. मोहर आला की त्याला ड्रम वाळणार नाही इतपतच पाणी द्यावं, आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर वाढवावं. मोहर गळतो म्हणून शोक करू नये. हजारो फुलांतून बोटांवर मोजण्याइतकी फळं टिकतात, हा त्याचा नेहमीचाच हिशेब आहे.

कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली कोरडी करावी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. महापालिकेचा माणूस तपासणीला येतो तेव्हा ‘ते झाडांसाठी आहे’ हे उत्तर त्याने आधीही ऐकलेलं असतं.

शत्रुपक्ष

जास्वंदीच्या शेंड्याला कापूस लागला असेल तर तो कापूस नाही. तो पिठ्या ढेकूण आहे. त्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, तो मुंग्या खातात आणि मोबदल्यात त्याचं रक्षण करतात. म्हणून जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली तर मुंग्यांशी भांडू नये, त्यांच्या पोशिंद्याकडे पाहावं. पाण्याचा जोरदार फवारा, जास्त लागण झालेला शेंडा कापणं, आणि लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल व द्रवसाबणाचे थेंब मिसळून संध्याकाळी फवारणी, असा क्रम ठेवावा. फवारा पानांच्या मागच्या बाजूला मारावा. समोरून मारणं कुंडीधारकाच्या मनःशांतीसाठी असतं.

या शत्रूला कमी लेखू नये. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि पाहता पाहता पपई, तुती, जास्वंद असं मिळेल ते खात पसरला. फवारण्यांना तो बधला नाही. २०१० मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी पोर्टो रिकोहून ‘ॲसेरोफेगस पपायी’ नावाची, मुंगीहूनही लहान परोपजीवी गांधीलमाशी आणवली. ती ढेकणाच्या अंगात अंडी घालते, पुढचं काम अळ्या करतात. पीक वाचलं ते तिच्यामुळे. तेव्हा गच्चीवर दिसणारा प्रत्येक किडा चपलेने मारण्यापूर्वी तो कोणाच्या बाजूचा आहे याची चौकशी करावी. ढालकिडा तर नक्कीच आपला: तो आणि त्याची काटेरी, भयंकर दिसणारी अळी दोघंही मावा खातात.

पेरणी आणि विवाह जुळवणी

भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारली यांची उन्हाळी पेरणी फेब्रुवारीत करावी. वेलवर्गीय बिया रात्रभर पाण्यात भिजवाव्यात. कारल्याचं टरफल फारच टणक, त्याला आधी टोकाशी हलकी चीर द्यावी. दुधीला निदान अठरा इंची कुंडी लागते. दह्याच्या रिकाम्या डब्यात दुधी लावणाऱ्यांना दुधी होत नाही, असा अनुभव आहे.

महिन्या-दीड महिन्याने वेलींना फुलं येतील आणि सगळी गळतील. ही नरफुलं. मादीफूल नंतर येतं आणि त्याच्या मागे देठाशी इवलंसं फळ असतं. सातव्या मजल्यावर मधमाशी येईलच असं नाही, त्यामुळे मध्यस्थी कुंडीधारकाने करायची. नरफूल तोडून पाकळ्या मागे साराव्यात आणि परागकण मादीफुलाच्या मध्यभागी टेकवावेत. वेळ महत्त्वाची: काकडी आणि कारलं सकाळी उमलतात, दुधी आणि दोडका संध्याकाळी. संध्याकाळी साडेसहाला एक गृहस्थ कठड्याशी वाकून दुधीच्या फुलांशी काय करतो आहे, हे समोरच्या इमारतीला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पाचोळा

याच दिवसांत देशी बदाम लाल होऊन पानं टाकतो, पाठोपाठ पिंपळही. सोसायटीत ती ढीग करून पेटवण्याची प्रथा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला पाच हजार रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार. पाचोळा जाळून झाला की रोपवाटिकेतून खताची पिशवी विकत आणायची, हा त्याच प्रथेचा उत्तरार्ध.

श्रीपाद अच्युत दाभोलकर हे पेशाने गणिताचे शिक्षक. दहा गुंठ्यांत कुटुंब पोसता येतं, हे त्यांनी ‘प्रयोग परिवारा’तून मांडलं आणि त्या हिशेबात पालापाचोळ्याला मोठं स्थान दिलं. गॅलरीपुरता हिशेब असा: भोकं पाडलेला डबा, पाचोळ्याचा थर, मूठभर जुनी माती, थोडी ओल, आणि पुन्हा थर. डबा रोज उघडून ‘झालं का’ असं विचारू नये.

प्रदर्शन

प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्यात एम्प्रेस गार्डनला आणि मुंबईत राणीच्या बागेत फुलांची प्रदर्शनं भरतात. पाहायला जरूर जावं, पाकीट घरी ठेवावं. तिथली पेटुनिया, पॅन्सी, डायंथस ही थंडीची हंगामी रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली असतात. घरी येतात तेव्हा त्यांचं बरंचसं आयुष्य सरलेलं असतं. मार्चमध्ये ती माना टाकतात आणि कुंडीधारक त्यांना जास्त पाणी घालतो.

सुट्टीची पूर्वतयारी

मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक हाती आलं की मे महिन्यात झाडांना पाणी कोण घालणार, हे ठरवून टाकावं. शेजारी निवडताना ज्याची स्वतःची झाडं मेलेली आहेत असा निवडू नये. ज्याची फार चांगली आहेत तोही नको, तो टोमणे मारेल. मार्चमध्ये पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधून घ्यावी, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, वर पाचोळ्याचं आच्छादन घालावं. कोणत्या कुंडीला किती पाणी, याची चिठ्ठी भिंतीला चिकटवावी आणि ‘एवढंच’ हा शब्द लाल शाईत लिहावा. शेजारी भला असतो, तो चिठ्ठी वाचून वर अर्धी बादली आपल्या मनाने घालतोच. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी प्रत्येक कुंडीच्या बुडाचं भोक खिळा घालून मोकळं करून घ्यावं.