थंड व कोरड्या जागेस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती थंड व कोरडी जागा यांस,
मुक्काम : पाकिटाची मागची बाजू, खालून दुसरी ओळ.

स. न. वि. वि.

आपली प्रत्यक्ष भेट झालेली नाही, तरी आपलं नाव मी गेली तीसेक वर्षं रोज वाचतो आहे. चहाच्या पुड्यावर आहे, हिंगाच्या डबीवर आहे, बिस्किटांवर, शेवयांवर, पापडांवर आहे. 'थंड व कोरड्या जागी ठेवा.' इतका माल जिच्या नावाने पाठवला जातो ती बाई राहते तरी कुठे, ते पाहावं म्हणून गेल्या रविवारी मी घरभर आपला शोध घेतला. घर डोंबिवलीत, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर, साडेचारशे चौरस फूट. शोधाला फार वेळ लागला नाही. बाहेर आषाढ कोसळत होता.

गॅसच्या वरचं कपाट कोरडं निघालं, पण दोन वेळच्या स्वयंपाकाने ते इतकं तापतं की तिथल्या तिखटाचा लाल रंग बघता बघता विटकरी होतो. ओट्याखाली गारवा आहे, पण सिंकचा पाइप तिथूनच जातो आणि तिथे ठेवलेल्या पोह्यांना कुबट वास येतो. फ्रिजचं डोकं ही आमच्याकडे खारी-टोस्टची पिढीजात जागा. तिथे हात लावून पाहिला, तर फ्रिज पोटातली सगळी उष्णता मागून वर सोडत होता. माळा पावसात ओल धरतो आणि मे महिन्यात भट्टी होतो. राहिलं बेडरूममधलं लोखंडी कपाट. तिथे आपण सापडाल अशी मला खरंच आशा होती, कारण मागच्या दिवाळीआधी सौ.ने मुलांच्या नजरेआड दोन किलो भाकरवडी तिथेच दडवली होती. आठ दिवसांनी पिशवी फोडली. भाकरवडी कुरकुरीत होती, चव मात्र डांबराच्या गोळ्यांची. शेजारी साड्या होत्या ना! साधी पॉलिथिनची पिशवी पाण्याच्या वाफेला बऱ्यापैकी अडवते, पण वासाला आणि ऑक्सिजनला ती म्हणजे जाळीच. पाहुण्यांनी एकेक खाल्ली आणि 'मसाला वेगळा आहे' असं म्हटलं. माणसं चांगली आहेत आमची.

आपला पत्ता लागेना, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आपण आमच्याकडे राहत नाही याची नोंद आमच्या भाषेने फार बारकाईने ठेवली आहे. चिवडा सादळतो, खोबरं खवट होतं, पीठ कुबट होतं, ताक पितळेत कळकतं, दूध नासतं, वरण आंबतं, पाव शिळा होतो. एकेक शब्द म्हणजे वेगळा गुन्हा आणि वेगळा आरोपी. सादळण्यात हात पाण्याचा. खवटपणा ऑक्सिजनचा, आणि त्याला साथ उजेडाची नि उष्णतेची. कळकण्यात भांड्याची कल्हई गेलेली असते. 'खराब झालं' एवढं ग्राहक आयोगात तक्रार द्यायला पुरत असेल. माझ्या आईला ते पुरत नसे. ती डब्याचं झाकण उघडून नुसतं नाक पुढे करायची आणि आरोपीचं नाव सांगायची.

यातला सादळणे हा शब्द तर आपल्या गैरहजेरीतूनच जन्मला असावा. तळलेली चकली ही शास्त्राच्या हिशेबात एक प्रकारची काच असते. पाणी निघून गेल्यामुळे स्टार्चचे रेणू आहेत तिथेच थिजलेले असतात, म्हणून ती वाकत नाही, मोडते, आणि मोडताना वाजते. हवेतलं पाणी आत शिरलं की त्या रेणूंना हलायला वाव मिळतो आणि काचेचं रबर होतं. भोवतालची आर्द्रता साधारण ४० ते ५० टक्क्यांच्या वर गेली की हे सुरू होतं. मुंबईच्या जुलैत ती ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे बशीत काढलेली चकली पहिल्या मिनिटापासून हरलेली लढाई लढत असते. आणि गंमत अशी की ही तक्रार जिभेपेक्षा कानाची जास्त. ऑक्सफर्डच्या झाम्पिनी आणि स्पेन्स या दोघांनी २००४ साली लोकांच्या कानाला हेडफोन लावून त्यांना वेफर्स चावायला दिले, आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज कमीजास्त करून त्यांना ऐकवला. आवाज मोठा आणि तीव्र केला की तोच वेफर लोकांना ताजा वाटला. २००८ साली त्यांना याबद्दल इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळालं. आमच्याकडे हा शोध आजोबांना आधीच लागलेला होता. कवळी बसवल्यावर ते म्हणाले होते, चकली खाल्ल्यासारखीच वाटत नाही, ऐकूच येत नाही.

आता आपल्या नावाने चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांविषयी. वेफर्सच्या फुगलेल्या पिशव्यांकडे बोट दाखवून 'नुसती हवा विकतात' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. हवा असती तर वेफर्स केव्हाच खवट झाले असते. तो नायट्रोजन असतो. तेलाच्या वाटेला जात नाही आणि उशीसारखा धक्केही झेलतो. पिशवीच्या आतला चंदेरी थर म्हणजे निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ करून प्लॅस्टिकवर चढवलेला मुलामा. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही तो पातळ. तेवढ्या पापुद्र्याने पाणी, ऑक्सिजन आणि उजेड या तिघांनाही थोपवून धरायचं. ही कारागिरी मी मनापासून मानतो. माझं भांडण पुढे आहे.

अशा पापुद्र्यातून दिवसाला किती वाफ झिरपते ते मोजायची एक कसोटी आहे. ती चाचणी ज्या हवेत घेतात तिचं तापमान बऱ्याचदा ३८ अंश सेल्सियस आणि आर्द्रता ९० टक्के धरतात. बाई, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. हे तर आमचं स्वयंपाकघर! म्हणजे पाकीट बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे की आम्ही कुठे राहतो. पाकिटाच्या पोटाला आमचा पत्ता पाठ आहे आणि पाठीवर आपला छापलेला आहे. भारतीय पॅकेजिंग संस्था १९६६ साली याच विषयासाठी स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय अंधेरीला आहे. अंधेरीला! तिथे जुलैत पोस्टाचं पाकीट थुंकी न लावता चिकटतं.

बरं, ही ओळ उगाच छापलेली नसते. साठवणीची अट लेबलावर लिहायला कायदाच सांगतो, कारण 'या तारखेपूर्वी खाल्ल्यास उत्तम' ही तारीख त्या अटीवर उभी असते. उष्णता दहा अंशांनी वाढली की खवटपणासारख्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. तेव्हा २३ अंशांवर सहा महिने टिकणारं आमच्याकडे ३३ अंशांवर तीनच महिने टिकणार. आपण घरात नसाल, तर मग ती तारीख नेमकी कोणाच्या घरची?

'उघडल्यानंतर हवाबंद डब्यात ठेवा' हा दुसरा उपदेश. तोही आम्ही पाळतो. डब्यात आधीच कोंडलेली हवा तशी गरीब असते. जुलैतल्या एक लिटर दमट हवेत सगळं मिळून पाण्याचा अर्धा थेंब असतो, त्याने अख्खा चिवडा सादळत नाही. पण घरात चार मोठी माणसं आणि एक शाळकरी मुलगा आहे. डबा दिवसातून वीस वेळा उघडतो आणि एकोणीस वेळा नीट लागत नाही. ओल्या हाताचा हिशेब मी धरलेलाच नाही.

आपल्या रिकाम्या खुर्चीवर फ्रिजने हक्क सांगितला आहे, हेही कळवणं भाग आहे. त्याच्याकडे आपलं अर्धंच नाव आहे. तो थंड आहे, पण त्यातून काढलेल्या कॉफीच्या बरणीवर क्षणात दव जमतं, आणि ती तशीच उघडली की आत ढेकूळ. पावाला बुरशी लागू नये म्हणून तो फ्रिजात ठेवतात. बुरशी लागत नाही खरी, पण गोठणबिंदूच्या जरा वरच्या थंडीत पावातला स्टार्च सगळ्यात लवकर घट्ट होतो, म्हणून बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा तो आधी शिळा लागतो. बटाटा तिथे गोड होतो आणि तळताना काळवंडतो. टोमॅटोचा वास उडतो. अढीतून अर्धवट बाहेर काढलेला हापूस त्या थंडीत बधिर होतो, नंतर पिकला तरी नावालाच. एका हापूससाठी सुद्धा मी या फ्रिजाला माफ करणार नाही.

माझी आत्या गुहागर तालुक्यात राहायची. तिच्याकडे पाऊस चार महिने घरातच राहायला आल्यासारखा असे. तिने आपलं नाव कधी वाचलेलं नव्हतं. मे अखेर आगोटीची गडबड उरकली की लोणच्याच्या चिनीमातीच्या बरण्यांना दादरे बांधून होत, लोणच्यावर चार बोटं तेल तरंगत असे, म्हणजे फोडीला हवा लागायची नाही. बरणी जाड आणि अपारदर्शक, म्हणजे उजेडही नाही. (आज आम्ही सगळं पारदर्शक बरण्यांत मांडतो. खिडकीसमोर छान दिसतं आणि तेल त्या उजेडात खवट होत जातं.) तांदळाचे पापड, फेण्या, कुरडया पत्र्याच्या डब्यांतून चुलीवरच्या माळ्यावर. सगळं गोडगोड होतं असं नाही; त्या माळ्यावरच्या वस्तूंना धुराचा वास असे आणि कडधान्याला टोके लागत. पण एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आत्याने कुरकुरीतपणा कधी साठवलाच नाही. तिने साठवली ती कच्ची कुरडई, उन्हात खडखडीत वाळवलेली, जिच्यात बिघडण्याइतकं पाणीच उरलेलं नव्हतं. कुरकुरीतपणा ती पान वाढताना कढईतून काढायची, आणि पान उठायच्या आत तो संपायचा. तिला आपली गरजच पडली नाही. आम्ही मात्र कारखान्यात तळलेला कुरकुरीतपणा महिनोन् महिने सांभाळायची जोखीम अंगावर घेतली आणि तो ठेवायला आपल्याला शोधतो आहोत.

शेवटी आपण सापडलात, तेही सांगून टाकतो. माझा भाचा अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसला असतो. जानेवारीत बाहेर उणे वीस, आणि ती हवा आत आणून तापवली की घरातली आर्द्रता इतकी उतरते की ओठ फुटतात. त्याने खाकऱ्याचं पाकीट टेबलावर उघडं विसरलं आणि आठवड्याने ते जसंच्या तसं होतं. तळघराचा फोटोही त्याने पाठवला. आपण तिथे, पायऱ्यांखाली, अगदी निवांत. पाणी किती असलं की कोणता पदार्थ कसा बिघडतो याचा नकाशा मांडणारे थिओडोर लबुझा त्याच मिनेसोटाच्या विद्यापीठातले, हा योगायोग मला सूचक वाटतो. पण त्याच नकाशात असंही आहे की पदार्थ फारच कोरडा झाला तर त्यातल्या तेलाला ऑक्सिजन अधिक सहज गाठतो. भाच्याकडची दाण्याची चटणी दिवाळीपासून तिथेच होती. ती सुटसुटीत मोकळी होती आणि खवट होती. सादळलेलं कढईत परतून जागेवर आणता येतं. खवट झालेलं कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. आपल्या घरीही ते होतं, हे कळल्यावर खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं.

तेव्हा विनंती एवढीच की आपण पाकीटवाल्यांना स्वतः लिहून कळवावं, की मी डोंबिवलीत राहत नाही, माझ्या नावाने माल पाठवू नये. त्या ओळीच्या जागी त्यांनी खरं काय ते छापावं : कुठल्या हवेत धरून ही तारीख काढली, आणि पावसाळ्यात उघडलं तर किती दिवसांत संपवायचं. लहान पाकिटं केली तर फारच उत्तम.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक दमट ग्राहक

ता. क. : आपल्या नावचं शेवेचं अर्ध्या किलोचं पाकीट आज सकाळी आलं. दुपारी चारला उघडलं. हे लिहीपर्यंत तळाशी दोन मुठी उरली आहे आणि पोरगा चमचा घेऊन उभा आहे.